चमचाभर तुपाचा रुसवा

हे जग पंचमहाभूतांपासून घडलं असं इतरांचे मेहुणे मानत असतील, आमच्या मेहुण्यांचा त्यातल्या एकाही भूतावर विश्वास नाही. त्यांच्या मते जग उभं आहे ते तेल, तूप, लोणी, मेण आणि चरबी यांच्यावर. उरलेल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार, यांच्यात विरघळणाऱ्या आणि न विरघळणाऱ्या. असा दुसरा माणूस बीड जिल्ह्यात नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. असता, तर दाजींनी त्याला एव्हाना शोधून काढून जेवायला घरी आणला असता आणि अक्काला दोघांच्या भाकऱ्या थापाव्या लागल्या असत्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. केजच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. पुस्तकात लिपिड नावाचा एक लहानसा भाग आहे, म्हणजे आपलीच तेलं, तुपं, मेणं आणि त्यांची भावकी. बाकीचे मास्तर तो एका तासात उरकतात, दाजी तो दिवाळीपर्यंत नेतात. पोरांनी त्यांना 'तूप सर' नाव ठेवलं आहे आणि दाजी ते पदवीसारखं वागवतात. गंमत अशी, की ज्याने आयुष्यभर चरबीची तरफदारी केली त्या माणसाच्या अंगावर स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी पावशेर चरबी नाही. त्यांचा सदरा खुंटीवर असतो तेव्हा अंगात असतो त्यापेक्षा भरलेला दिसतो. अक्का म्हणते, "सगळं तूप तोंडातून बाहेर जातं, अंगाला काय लागणार!"

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही अशी, की पाहणाऱ्याला धडकी भरावी. एकदा त्यांनी भरदुपारी वर्गातली पोरं मैदानावर नेली आणि दोन रांगांत उताणी झोपवली. एका रांगेचे पाय दुसऱ्या रांगेच्या पायांना टेकलेले आणि सगळ्यांची डोकी बाहेरच्या अंगाला. प्रिन्सिपॉल जेवून हात पुसत बाहेर आले आणि जागीच थबकले. त्यांना वाटलं, पोरांनी उपोषण मांडलंय. धावत आले. "कशाचं आंदोलन हाय हे? मागणी काय हाय?" एक पोरगं पडल्यापडल्या म्हणालं, "मागणी न्हाई सर. आमी पेशीचं आवरण हाव." प्रिन्सिपॉलनी दाजींकडे पाहिलं. दाजींचा चेहरा लग्नघरच्या मांडवासारखा सजलेला. "बघा ना सर, एका पोराला डोकं एक आन् पाय दोन. फॉस्फोलिपिडचं असंच असतं. डोक्याला पाण्याची आवड, शेपटांना पाण्याचं भ्या. म्हणून डोकी पाण्याकडं, शेपटं आत लपवलेली. या दोन रांगांच्या आत जीव राहतो, सर! सगळ्या जिवांचं घर एवढंच!" मग एका गुटगुटीत पोराला त्यांनी रांगेत मध्येच घुसवून झोपवलं. ते कोलेस्टेरॉल. ते नसेल तर रांग उन्हात ढिली पडते आणि थंडीत आखडते. प्रिन्सिपॉल परत गेले, पण त्या वर्गातल्या एकाही पोराचा त्या प्रश्नाचा गुण कधी गेला नाही. ते कोलेस्टेरॉल आज स्वतः शिक्षक आहे आणि त्याच्या शाळेत पोरं मैदानावर झोपतात, असं ऐकतो.

जुलैत प्रवेश सुरू झाले की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतले बाप पोरांना घेऊन कॉलेजात येतात. टोपी हातात, आवाज खाली, दाराच्या बाहेरच उभे. दाजी त्यांना आत ओढून खुर्चीवर बसवतात आणि विचारतात, "ऊस तोडताना कांडीवरची पांढरी भुकटी तुमच्या हाताला, पँटीला लागती का न्हाई?" बाप म्हणतो, "लागती की. धुऊन निघत न्हाई लवकर." "निघंल कशी? मेण हाय ते! उसानं आपलं पाणी उन्हाला प्यायला मिळू नये म्हणून अंगाला लावलेलं. ज्वारीच्या ताटालाबी असतं. तुमच्या हातावर असती त्याच वस्तूचा धडा हे पोरगं शिकणार हाय." मी स्वतः पाहिलं आहे, दारात वाकून उभा राहिलेला माणूस ते ऐकून परत जाताना ताठ चालतो. आता हे शास्त्र की जादू ते मला विचारू नका. माझं चौसाळ्याला खत-बियाण्याचं दुकान आहे, माझी पोच तेवढीच.

मात्र दाजींच्या शास्त्राला वेळकाळ नसतो, हेही प्रेमाने सांगितलं पाहिजे. केजच्या एसटी स्टँडवर एकदा दोन गडी बाकावरच्या जागेवरून हमरीतुमरीवर आलेले. एकाने दुसऱ्याची गचांडी धरली आणि ओरडला, "कावून बे, लई चरबी चढली का तुला?" झालं! दाजींनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि मध्ये शिरले. "थांबा. चरबीचं नाव असं वाईट अर्थानं घेऊ नका. चरबी म्हणजे अंगातली शिल्लक. उपाशी दिवसात तीच कामाला येती. जेवढ्याला तेवढ्या भाकरीपेक्षा दुपटीनं ताकद हाय तिच्यात. थंडीत ऊब देती, पडलं-झडलं तर आतल्या अवयवाला गादी होती." गचांडी धरलेल्याने गचांडी सोडली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दाजींकडे. "तुमचा काय संबंध हो मदी?" असं दोघं एका सुरात म्हणाले आणि एका बाकावर शेजारी शेजारी बसून दाजींवरच तोंडसुख घेऊ लागले. दाजी खुशीत परत आले. म्हणाले, "भांडण मिटलं का न्हाई?"

जीपमध्येही तेच. केजहून आमच्याकडे येताना रशीदभाईंची जीप, आत माणसांवर माणसं. रशीदभाई म्हणाले, "जरा दबके बैठो!" दाजींना तेवढं पुरलं. "समदे तूप व्हा, म्हणजे मावाल! तुपाची शेपटं सरळ असतात, एकाला एक चिकटून बसतात, म्हणून थंडीत तूप गोठतं. करडीच्या तेलाच्या शेपटाला गुडघा असतो, वाकडा. त्याला दाटीनं बसताच येत न्हाई, म्हणून ते पातळच राहतं. आपल्यात तेल कोण हाय? त्यानं गुडघे सरळ करा!" रशीदभाई आरशात पाहत म्हणाले, "सर, तेल-तूप बाद में. पहले दरवाजा लगाव." पण लोकांनी हसत हसत गुडघे सरळ केले आणि खरोखरच आणखी एक माणूस मावला. तेव्हापासून रशीदभाई जीप भरली की स्वतःच ओरडतात, "चलो, सब घी बनो!"

एवढा बोलघेवडा माणूस, पण जावई म्हणून आमच्या पदरात पडला तो अगदी मुका. त्यांच्या लग्नाची गोष्ट आमच्या भावकीत अजून निघते. आमच्याकडे नवरदेवाने जेवणाच्या पाटावर रुसायचं असतं. घड्याळ मागायचं, अंगठी मागायची, तोवर घासाला हात लावायचा नाही. सासरच्यांनी विनवण्या करायच्या, त्यातच कार्याची शोभा. दाजी पाटावर बसले आणि सरळ जेवू लागले. माझे चुलते पुढे होऊन म्हणाले, "अहो, रुसा की जरा!" दाजी म्हणाले, "कशाला? वरणावर तूप छान हाय." मांडवात कुजबूज झाली, पोरात काहीतरी खोट हाय, रुसतच न्हाई. आईच्या मनात तर ते कायमचं राहिलं. "माझा जावई कधी रुसला न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. त्यात कौतुक किती आणि दुःख किती ते कुणालाच कळायचं नाही.

आणि आमचे बाबा म्हणजे दाजींचे सासरे. मध्यम मार्ग नावाचा रस्ता त्यांच्या गावावरून जात नाही. विडी सोडली तेव्हा त्यांनी घरात काडीपेटीसुद्धा ठेवू दिली नाही. आई कितीतरी दिवस शेजारून विस्तव आणून चूल पेटवायची. अशा माणसाला बीडच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाबा, आता वय झालं. तेल-तूप जरा बेतानं." बाबा तिथून उठले, घरी न येता थेट नारायणगडावर गेले, हात जोडले आणि देवापुढं तेल-तूप सोडून आले. बेताने नव्हे. सगळं.

फोडणी गेली. शेंगदाण्याची चटणी गेली, तीळ गेले, जवस गेलं, दुधावरची साय गेली. आई त्यांच्यापुरती डाळ नुसती उकडायची आणि फोडणीच्या पळीकडे पाहत बसायची. महिन्यामागून महिने गेले. बाबांचे गाल आत गेले, कातडी नदीच्या सुकलेल्या चिखलासारखी भेगाळली. ऐंशीला टेकलेले, पण रोज शेताच्या बांधावर जाणारे बाबा अंगणातल्या खाटेवरून उठेनात. पुन्हा दाखवायला नेलं तर डॉक्टर डोक्याला हात लावून म्हणाले, "अहो, मी कमी म्हणालो होतो, बंद नाही! थोडं खायलाच पाहिजे." बाबा शांतपणे म्हणाले, "तुमी कमी म्हणला ते बरोबर. पर देवाला मी बंद म्हणालो. आता तुमचं ऐकू का देवाला दिलेलं पाळू?"

इकडे केजला दाजींचा जीव टांगणीला. दर दोन दिवसांनी मला फोन. "मामांचे पाय कसे हायत? कातडीची सालपटं निघतात का? अंधार पडल्यावर चाचपडतात का? अहो, काही जीवनसत्त्वं तेलाशिवाय अंगी लागतच न्हाईत हो!" मी एकदा वैतागून म्हणालो, "दाजी, एसटी स्टँडवर अनोळखी माणसांना ऐकवता, मग बाबांनाच सांगा की."  दाजी म्हणाले, "जावई हाय मी. सासऱ्याच्या ताटात काय वाढायचं ते जावयानं सांगायचं असतं का कुठं?" आणि ते खरंच होतं. इतक्या वर्षांत या दोघांत 'पाणी-पाऊस कसा', 'बरा हाय' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. दाजी चुकून मेणाबिणावर आलेच, तर बाबा "बैलाला पाणी दाखवून येतो, सर" म्हणून उठायचे. गोठ्यात बैल नसायचे तेव्हासुद्धा उठायचे.

अशात अधिक महिना लागला. धोंड्याचा महिना म्हणजे लेक-जावयाला बोलवायचं, लक्ष्मी-नारायण म्हणून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे करून वर तूप वाढायचं. अक्का-दाजी आले. बाबा भिंतीला धरून उठले. मी म्हणालो, पाय मी धुतो. ऐकतील तर ते बाबा कसले. त्यांनी दाजींचे पाय धुतले, पुसले, कपाळाला गंध लावलं. दाजी खाली पाहत होते. सासऱ्याच्या बोटांची हाडं त्यांना पायाला लागली असणार.

ताटं आली. धोंड्यांवर आईने तुपाची धार धरली. बाबा समोर, त्यांच्या ताटलीत कोरडी भाकरी आणि उकडलेली डाळ. सगळे म्हणाले, करा सुरुवात. दाजींनी हाताची घडी घातली.

"मी जेवणार न्हाई."

माझ्या चुलत्यांच्या तोंडावर असा काही आनंद पसरला, की ते अर्धे उठलेच. "रुसले! अरे, जावई रुसले!" आई पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. केस पांढरे झाल्यावर का होईना, जावई रुसला होता. बाबासुद्धा सरसावून बसले. सासऱ्याचा मान होता तो. "बोला सर. काय पाहिजे? अंगठी करू? का पोराला गाडी सांगू?" पोरगं म्हणजे मी. मी मनात गाडीची किंमत काढू लागलो.

"मला काही नको, मामा. तुमी माझ्या ताटात जेवा. हा धोंडा, या तुपासकट."

बाबांचा चेहरा उतरला. "ते सोडून बोला. माझं देवापुढं सोडलेलं हाय."

"कोणत्या देवापुढं?"

"तुमाला ठावं न्हाई का? नारायणापुढं."

"आन् आत्ता माझे पाय कोण म्हणून धुतले?"

चुलत्यांचं तोंड उघडं ते उघडंच. आणि दारातून माझी आई, जिने बाबांसमोर कधी मोठ्याने शब्द काढला नव्हता ती, पळी उंचावून म्हणाली, "नारायण म्हणून! नारायण म्हणूनच धुतले! समद्यांनी पाहिलंय!"

"मग नारायण म्हणतो," दाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज मैदानावर पोरं झोपवणाऱ्या माणसाचा नव्हता, "लई नको. चमचाभर. डाक्टरांचं खरं हाय मामा, जास्तीचं रक्ताच्या नळीत जाऊन बसतं, तेबी मी नाकारत न्हाई. पर तुमचं अंग म्हणजे बारक्या बारक्या घरांचं गाव हाय. हरेक घराची भिंत तेला-तुपाची. मातीची भिंत तुमी दरसाल लिंपता का न्हाई? या भिंतीलाबी रोज थोडं लिंपण लागतं. पाणी काढून टाकलं तर मेंदू निम्म्याच्या वर तेच हाय. तुमी देवाला तूप दिलं, त्यानं घेतलं. आता तो परत देतो म्हणतोय. न्हाई म्हणायचं असंल तर म्हणा, मी उपाशी उठतो."

धोंड्याच्या महिन्यात जावई उपाशी उठणं म्हणजे काय, ते बाबांना कुणी सांगायला नको होतं. मग ते पुढे सरकले. दाजींच्या ताटातला धोंडा मोडला, तुपात बुडवला, आणि डोळे मिटून तोंडात घातला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, डोळे उघडले आणि आईला म्हणाले, "वेलदोडा कमी टाकला तू."

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. दाजींनी चष्मा काढून पुसला, पण बोटांना तूप होतं, त्यामुळे काचा अशा काही माखल्या की त्यांना समोरचं ताट दिसेना. तसेच चाचपडत जेवले. अक्का म्हणाली, "नारायणा, घास नाकात चाललाय." सगळे हसले, बाबाही. आमच्या भावकीत एवढा मोठा रुसवा कुणी धरला नव्हता आणि एवढ्या स्वस्तात कुणी मिटवलाही नव्हता. चुलते आता ज्याला त्याला सांगत असतात, "आमचा जावई साधासुधा न्हाई, देवाला वळवून आणणारा हाय!" त्यांचा सूर असा, की जणू लग्नात खोट काढणारे ते नव्हतेच.

त्या दुपारी बाबा खाटेवर पडले आणि बैलांचं नाव न काढता म्हणाले, "सर, ते भिंतीचं काय म्हणत होता? सांगा बरं बैजवार." दाजी खाटेजवळ बसले. एसटी स्टँड गाजवणाऱ्या या माणसाला सुरुवात कुठून करावी तेच सुचेना. तीनदा घसा खाकरला. मग हळूहळू सांगू लागले. दोन रांगा, एक डोकं, दोन शेपटं. बाबा 'हं' म्हणत गेले आणि 'हं' म्हणता म्हणता झोपी गेले. दाजी थांबले नाहीत. आवाज तेवढा खाली आणला आणि पुरा धडा संपवला.

चमचाभर तुपाने चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही, दाजी मला म्हणू देणार नाहीत. पण हळूहळू आईची पळी पुन्हा चरचरू लागली आणि बाबा काठी टेकत का होईना, बांधापर्यंत जाऊ लागले. मला सांगायची आहे ती मात्र त्याच दिवसाची संध्याकाळ. लेक-जावयाला वाटेला लावायला बाबा हट्टाने हायवेपर्यंत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून, दर थोड्या वेळाने थांबत. जीप आली. अक्का चढली, दाजी वाकून पाया पडले आणि चढले. बाबांनी मला विचारलं, "आता पुन्हा धोंडा कधी रं?"

"तीन वर्षांनी, बाबा."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. उसाच्या रिकाम्या बैलगाड्या लादलेला एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसली. मग जीपच्या खिडकीवर हात ठेवून आत वाकले.

"तीन वर्षं लई लांब हाय, सर," बाबा म्हणाले. "मदीच या. असंच या."

दाजींनी नुसती मान हलवली. जीप गेली. बाबा रस्त्याच्या कडेला उभेच राहिले, आणि मीही त्यांना चला म्हणालो नाही.